आहार सांगण्याचा अधिकार कोणाचा? : दुष्काळी पौंडापासून नोंदवहीपर्यंत

भिलाईच्या सेक्टर १० मध्ये राहणाऱ्या माणसाला आजारपणात फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. तेथे दाखल झालेल्या रुग्णाच्या ताटात काय वाढावे, मीठ किती असावे, मधुमेह्याला भात द्यावा की पोळी, हे ठरवणारी व्यक्ती रुग्ण निवडत नाही. ती निवड संस्थेने आधीच केलेली असते. पण तोच रुग्ण घरी परतला की दुसऱ्या दिवसापासून त्याला आहार सांगणारे पंधरा जण भेटतात : व्यायामशाळेचा प्रशिक्षक, डबाबंद भुकटी विकणारा ओळखीचा गृहस्थ, भ्रमणध्वनीवर चलचित्रे पाठवणारा भाचा, आणि दारावर पाटी लावून बसलेला कोणी 'न्यूट्रिशनिस्ट'. यांतील जाणकार कोण, हे ओळखण्याचे साधन शासनाने नागरिकाच्या हाती फार उशिरा दिले. इतका उशीर का झाला, याचा इतिहास प्रशासनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे, आणि त्यात मराठी माणसांचा वाटाही मोठा आहे.

या इतिहासाचा आरंभ मी १८७७ सालापासून धरतो. दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला होता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी धाडले. हे टेंपल आपल्याकडे अपरिचित नव्हेत. १८६०च्या दशकात ते नागपूरला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते, आणि आजचे छत्तीसगड त्याच प्रांतात मोडत होते. पुढे ते मुंबईचे गव्हर्नर झाले. १८७४ मध्ये बिहारच्या टंचाईत त्यांनी सढळ हाताने धान्य आणवले होते, त्यामुळे लोक वाचले, परंतु उधळपट्टीचा ठपका मात्र त्यांच्यावर आला. त्या ठपक्याची आठवण ताजी असताना त्यांना मद्रासला पाठवण्यात आले होते, हे विसरून चालणार नाही. त्यांनी दुष्काळी कामावरील पुरुष मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या किमतीवर आणून ठेवली, वर किरकोळ सुटे पैसे. एक पौंड म्हणजे पक्क्या शेराच्या हिशेबाने जेमतेम अर्धा शेर. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला!

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम रॉबर्ट कॉर्निश यांनी या मापाला उघड विरोध केला. त्यांच्याजवळ तुरुंगातील आहाराची आकडेवारी होती आणि दुष्काळी छावण्यांतील मृत्यूंचे निरीक्षण होते. बसून राहिलेल्या कैद्याला जेवढे लागते त्याहूनही कमी अन्नावर श्रमिक जगवता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. टेंपल महसुली अधिकारी होते, कॉर्निश वैद्यक जाणणारे. वाद वर्तमानपत्रांत आणि सरकारी टिपणांत गाजला, आणि अखेरीस मद्रास सरकारला माप वाढवावे लागले. मुंबई इलाख्यातही कमी मजुरीविरुद्ध मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले 'सार्वजनिक काका' यांच्या पुढाकाराने, सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले.

टेंपल यांना दुष्ट ठरवून हा प्रसंग संपवणे सोपे आहे. मला त्यातला प्रशासकीय प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. टेंपल यांच्याकडे अधिकार होता, ज्ञान नव्हते. कॉर्निश यांच्याकडे ज्ञान होते, पण निर्णयाचा अधिकार नव्हता. दुसऱ्याच्या ताटात काय आणि किती असावे हे सांगण्याची पात्रता ही स्वतंत्र गोष्ट आहे, केवळ हुद्द्याने ती येत नाही, हे त्या वादात प्रथमच स्पष्ट झाले. पुढे १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता आल्या, त्यांत मापे लिहिली गेली आणि मापे लिहिली म्हणजे प्रश्न सुटला अशी कारकुनी समजूतही रुजली. ती अजून पुरती गेलेली नाही.

विसाव्या शतकात या ज्ञानाला प्रयोगशाळा मिळाली. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे बेरीबेरीच्या अभ्यासासाठी एका खोलीत काम सुरू केले. त्यातूनच न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज उभ्या राहिल्या. १९३५ पासून डब्ल्यू. आर. एक्रॉइड तिचे संचालक होते. १९३७ मध्ये त्यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली आणि आपल्या ज्वारी-बाजरीला, तांदळाला, डाळींना प्रथमच एकत्रित आकडे मिळाले. एक्रॉइड यांच्यानंतर संचालकपदी आले ते विनायक नारायण पटवर्धन. संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ मध्ये तिचे नामकरण राष्ट्रीय पोषण संस्था असे झाले.

याच कुन्नूरला कमला सोहोनी यांनी काही काळ काम केले. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून नाकारले होते. मग अटी घालून प्रवेश दिला. त्या अटी पुऱ्या करून १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. मुंबईला आल्यावर नीरेच्या पोषणमूल्यावर त्यांनी काम केले. ते काम राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतले होते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. १९६६ मध्ये मुंबईत ग्राहकांच्या हितासाठी स्थापन झालेल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीच्या संस्थापकांत त्या होत्या, आणि मराठीत त्यांनी 'आहारगाथा' हे पुस्तक लिहिले. प्रयोगशाळेतील ज्ञान आणि बाजारातला ग्राहक यांच्यामध्ये कोणीतरी उभे राहावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आता भिलाईकडे वळू. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात कारखान्याचा करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्यात गेले आणि भिलाई भोपाळकडे पाहू लागली, पण नागपूर-दुर्ग लोहमार्ग होता तिथेच राहिला. विदर्भातील कित्येक कुटुंबे त्या मार्गाने कारखान्यात आली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीभोवती क्रमांकांची वसाहत वसली : शाळा, बाजार, बाग, रुग्णालय, सारे आखीव. ज्या पिढीने गावी पंचांग आणि वैद्यबुवा सोडून दुसरा सल्लागार पाहिला नव्हता, तिला येथे प्रत्येक गोष्टीसाठी नेमलेला माणूस मिळाला.

या 'नेमलेला' शब्दावर जरा थांबतो. सार्वजनिक उपक्रमांत आणि शासकीय रुग्णालयांत आहारतज्ज्ञाचे पद असते. त्या पदाचे भरतीनियम असतात. त्यांत पोषणशास्त्रातील पदवी किंवा पदव्युत्तर पदविका आणि मोठ्या रुग्णालयातील अनुभव अशा अटी असतात. आपल्या देशात कित्येक दशके आहारतज्ज्ञ कोणाला म्हणावे याची सरकारी व्याख्या जवळजवळ एवढीच होती. ती नोकरीच्या जाहिरातीत सापडे, कायद्यात नव्हे. रुग्णालयाच्या भिंतीच्या आत पात्रता सक्तीची, आणि भिंतीच्या बाहेर कोणीही कोणतीही पाटी लावावी. कारखान्यातील उपाहारगृहाचेच पाहा. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४६ ने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली. इमारत कशी असावी, दर कोणते, व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी कसे, हे सगळे त्यात होते. पण तेथील अन्नाबद्दल जाणकाराला विचारावे असे त्या कलमात कोठेही नव्हते.

इतर व्यवसायांच्या तारखा यासोबत ठेवून पाहाव्यात. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ चा. परिचारिकांची परिषद १९४७ ची. दंतवैद्य आणि औषधनिर्माते या दोघांचे कायदे १९४८ चे. पुनर्वसन क्षेत्रातील तज्ज्ञांसाठी १९९२ चा. दात काढणाऱ्याची नोंद हवी, गोळ्या देणाऱ्याची हवी, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला रोज काय खायचे ते सांगणाऱ्याची नको! याची कारणे अनेक असतील. माझ्या मते एक कारण असे की हा विषय गृहविज्ञान महाविद्यालयांतून आला. दिल्लीचे लेडी अर्विन, मुंबईचे एसएनडीटी, नागपूरचे एलएडी. मुलींनी शिकायचा, लग्नाआधी शिकायचा, स्वयंपाकघराशी संबंधित विषय अशी त्याची प्रतिमा झाली. सचिवालयातील पुरुष अधिकाऱ्यांना त्यात व्यवसाय दिसला नाही. जे काम घरोघरी आई करते त्याला परवाना कसला, असा विचार फायलींवर कोणी लिहिला नसेल, पण फायली तयारच झाल्या नाहीत, यातूनही तो वाचता येतो.

व्यवसायातील मंडळींनी मात्र स्वतःची शिस्त उभारली. इंडियन डायटेटिक असोसिएशन ही संस्था १९६०च्या दशकात स्थापन झाली. 'नोंदणीकृत आहारतज्ज्ञ', म्हणजे आर. डी., ही तिची परीक्षा पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातील उमेदवारी पूर्ण केल्यावरच देता येते. ही नोंदणी ऐच्छिक होती. न करणाऱ्याला कसलीही बंदी नव्हती. तरीही अनेक वर्षे सामान्य नागरिकाजवळ ओळखीची खूण म्हणून एवढीच होती, आणि ती फार थोड्यांना ठाऊक होती.

येथे एक मोठा मराठी वाद आठवतो. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचे मोजमाप मांडले, ते दरडोई दररोज २२५० उष्मांकांवर आधारलेले होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ रोमला अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ काम करून पुण्यास परतले होते. त्यांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला. माणसामाणसाची गरज वेगळी असते. इतकेच नव्हे तर एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. तेव्हा सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी आहे असे धरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांनी त्याला तितक्याच ताकदीने उत्तर दिले. सुखात्म्यांचे म्हणणे फार ताणले तर उपासमारीचे आकडे सोयीस्करपणे लहान होतात, ही टीका मला योग्य वाटते. परंतु त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा निर्विवाद आहे. धोरणासाठी सरासरी चालते, समोर बसलेल्या माणसासाठी नाही. तक्ता कोणीही छापून देईल. तो तक्ता कोणाला लागू पडत नाही हे ओळखण्यासाठी शिक्षण लागते.

हा फरक किती महाग पडू शकतो ते भिलाईतील एका गृहस्थांच्या बाबतीत मी पाहिले. मूळचे वऱ्हाडातले, झोतभट्टीवर तीस वर्षे काढलेली, निवृत्तीनंतर कंपनीचे घर सोडून खासगी वसाहतीत गेलेले. मधुमेह जुना होता आणि मूत्रपिंडाचे काम मंदावू लागल्याचे तपासणीत आले होते. वजन उतरावे म्हणून ते एका 'पोषण केंद्रा'त जाऊ लागले. तेथील सल्लागाराने सकाळ-संध्याकाळ प्रथिनांची भुकटी सुरू केली, वर नारळपाणी आणि फळांचे रस. रक्ताचा अहवाल त्याने मागितला नाही. मूत्रपिंड दुबळे असता जादा प्रथिने हा त्यावर भार असतो आणि नारळपाण्यातील पोटॅशियम हृदयापर्यंत धोका पोहोचवू शकते, हे त्याला ठाऊक नसावे. काही आठवड्यांत गृहस्थ रुग्णालयात दाखल झाले. सुदैवाने सावरले. त्यांच्या मुलाने, तो पुण्यास असतो, मला विचारले, "तक्रार कुठे करायची?" डॉक्टर असता तर वैद्यक परिषद होती. या माणसासाठी त्या वेळी कोणतेही दार नव्हते, कारण त्याने मोडण्याजोगा नियमच नव्हता.

औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे, आणि ज्या रोगांच्या बऱ्या करण्याच्या जाहिरातींना त्याने मनाई केली त्या यादीत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत. पण भुकटीला औषध न म्हणता अन्न म्हणायचे, ही पळवाट विक्रेत्यांना फार आधी सापडली. २०१६ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी अशा पूरक पदार्थांच्या वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे बंधनकारक केले. ते वाक्य डब्यावर असते. विकणारा तोंडाने काय सांगतो ते डब्यावर नसते.

अखेर मार्च २०२१ मध्ये संसदेने नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स हा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत पोषणशास्त्र व्यावसायिक हा स्वतंत्र वर्ग आहे. रुग्णालयीन आहारतज्ज्ञ, सार्वजनिक आरोग्याचे पोषणतज्ज्ञ, क्रीडापोषणतज्ज्ञ त्यात येतात. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवण्यासाठी किमान ३६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांत विभागलेले शिक्षण हवे. केंद्रीय आणि राज्य अशा नोंदवह्या ठेवायच्या, राज्य परिषदा स्थापायच्या, आणि नोंद नसता ती असल्याचे भासवणाऱ्याला दंड, पुन्हा तेच केल्यास कारावासही. टेंपल-कॉर्निश वादानंतर १४४ वर्षांनी शासनाने मान्य केले की आहार सांगणे ही नोंद ठेवण्याजोगी विद्या आहे. अंमलबजावणी मात्र आपल्या नेहमीच्या चालीने झाली. राज्य परिषदा रखडल्या, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. कायद्यातील मुदत ही सूचना समजण्याची आपल्या खात्यांची सवय जुनी आहे. असो.

नोंदवह्यांचे काम सर्वत्र सारखे पुढे गेलेले नाही, तोवर नागरिकाने स्वतः चौकशी करणे भाग आहे. पाटीवरील 'डॉ.' कोणत्या विद्येचे, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. पदवी पोषणशास्त्राची की तीन आठवड्यांच्या प्रमाणपत्राची, विद्यापीठ कोणते, उमेदवारी कोणत्या रुग्णालयात केली, राज्य परिषदेची नोंद किंवा आर. डी. क्रमांक आहे का, हे जाणकार व्यक्ती न चिडता सांगते. माझा अनुभव असा की चिडणाराच बहुधा काही लपवीत असतो. सल्लागारच डबा विकत असेल तर त्याचा सल्ला आणि त्याचा नफा यांतील सीमा कोठे आहे ते त्यालाही सांगता येणार नाही. शासनात आम्ही याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतो आणि निविदा समितीवरून अशा माणसाला उठवतो. ताटाच्या बाबतीत इतकी तरी काटेकोर वृत्ती असावी.

आणि कागदांइतकेच महत्त्वाचे म्हणजे तो तुम्हाला काय विचारतो. इन्सुलिन घेणाऱ्याला चतुर्थीचा उपवास आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू असता पालेभाजी अचानक वाढवली का, चालू औषधांची चिठ्ठी कोठे आहे, हे न विचारता जो तक्ता हाती ठेवतो तो तुमचा आहारतज्ज्ञ नव्हे. विदर्भ आणि छत्तीसगड या दोन्ही पट्ट्यांत सिकलसेलचा आजार आढळतो. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या अशा रुग्णाला केवळ 'रक्त कमी' पाहून लोहाच्या गोळ्या सुरू करणे धोक्याचे ठरू शकते. मुंबईहून पडद्यावर सल्ला देणाऱ्याला ही गोष्ट सुचेलच असे नाही.

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या घरांचा प्रश्न आणखी थोडा वेगळा आहे. सेक्टर १० मधील मराठी घरात सकाळी पोहे, दुपारी छत्तीसगडचा भात, सणाला पुरणपोळी आणि उन्हाळ्यात शेजाऱ्यांकडून शिकलेले बोरे-बासी, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिठाबरोबर खाणे. हे एकाच कुटुंबात चालते. २०२२ च्या कामगारदिनी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ते खाण्याचे जाहीर आवाहन केल्यावर शहरी घरांनाही त्याची नव्याने आठवण झाली. गावाकडची ज्वारीची भाकरी मात्र बहुतेक घरांतून गेली, कारण तिसऱ्या पिढीला ती थापता येत नाही. अशा घराला ओट आणि अवोकाडोचा तक्ता देणारा आणि केवळ जुन्या आठवणीने 'भाकरी खा' म्हणणारा, दोघेही सारखेच निरुपयोगी. भिलाई-दुर्ग-रायपूर पट्ट्यातील शिकलेली आहारतज्ज्ञ हिंदी बोलेल, पण बासीत मीठ किती पडते हे तिला ठाऊक असेल, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला ती प्रथम तेच विचारील.